जिन्याखालची जागा कुणाची?

गेल्या महिन्यात आमची भिशी एका मैत्रिणीच्या नव्या घरी होती. वास्तुशांत होऊन जेमतेम महिना झालेला. घर बघून डोळे दिपले. हॉलमध्ये टीव्हीची सजवलेली भिंत, बेडरूममध्ये छतापर्यंत कपाटं, स्वयंपाकघरात चकचकीत ट्रॉल्या. आम्ही सगळ्या जणी ‘किती छान, किती छान’ करत स्वयंपाकघरात पोचलो आणि मला ओट्यापाशी जमिनीवर एक पाट दिसला. जुना, लाकडी, जेवायला बसायचा.

‘‘हा गं कशाला इथे?’’ मी विचारलं.

ती हसली. म्हणाली, ‘‘अगं, ओटा जरा उंच झालाय. पोळ्या लाटताना पाटावर उभी राहते मी.’’

लाखो रुपये घालून केलेलं स्वयंपाकघर आणि त्यात घरची बाई पाटावर उभी! मला राहवेना. ‘‘मिस्त्रीनं ओट्याचं माप घेतलं तेव्हा तू कुठे होतीस?’’

‘‘कुठे म्हणजे? घरातच. त्यांच्यासाठी चहा करत होते.’’

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण काही वर्षांपूर्वी मीसुद्धा अशीच चहा करत होते. माझ्या बाबतीत ओटा नव्हता, जिन्याखालची जागा होती.

आमचं घर २०१२ मध्ये बांधून झालं. तालुक्याच्या गावात असतं तसंच, खाली हॉल, स्वयंपाकघर नि एक खोली, वर दोन खोल्या, आणि हॉलच्या कडेनं वर जाणारा जिना. जिन्याखाली तिरकी, त्रिकोणी जागा उरली होती. अशी जागा प्रत्येक घरात असते. जिना नसेल तर खिडकीखालचा खाचा असतो, दोन खांबांमधली बोळकंडी असते, नाहीतर दाराआडचा कोपरा. तिथे काय ठेवायचं हे कुणी ठरवत नाही. जे कुठेच मावत नाही ते तिथे जातं. आमच्याकडे भरलेला सिलेंडर, गव्हाची कोठी, मोडका कूलर, रद्दी आणि पाहुण्यांच्या चपला असा सगळा संसार तिथे नांदत होता.

२०२० साली शाळा बंद झाल्या. मी शिक्षिका. मोबाईलवरून वर्ग घ्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की एवढ्या मोठ्या घरात मला बसायला जागाच नाही. मुलगा एका खोलीत, मुलगी दुसरीत, सासूबाई खालच्या खोलीत, हॉलमध्ये टीव्ही. मी ओट्यावर डब्याला टेकवून मोबाईल ठेवायची आणि उभ्यानंच कविता शिकवायची. मागे कुकरची शिट्टी झाली की मुलं हसायची. पेपर तपासायचे ते पलंगावर मांडी घालून, पाठ मोडेस्तोवर. मी सतरा वर्षं नोकरी करत होते, घराच्या कर्जाचा अर्धा हप्ता माझ्या पगारातून जात होता, आणि माझा पेन ठेवायला घरात एक ठरलेला खण नव्हता.

मग एके दिवशी मनात आलं, जिन्याखालची जागा मी घेते.

पहिली चूक

पहिली चूक मी उत्साहाच्या भरात केली. जिल्ह्याच्या गावी गेले आणि शोरूममधून एक तयार टेबल घेऊन आले. साडेसात हजारांचं. टेम्पोतून उतरवून जिन्याखाली सरकवलं तर ते अर्ध्यातच अडलं, कारण मागचा कोपरा तिरक्या स्लॅबला धडकला. पुढे ओढलं तर निम्मं टेबल हॉलच्या वाटेत. दुकानदार परत घेईना. शेवटी ते टेबल वर मुलाच्या खोलीत गेलं. म्हणजे माझ्या नावानं घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या कामी आली. बायकांच्या बाबतीत हे काही नवीन नाही.

मग मिस्त्रींना बोलावलं. ते आले, जिन्याखाली वाकून बघितलं आणि मला विचारलं, ‘‘वहिनी, साहेब कधी येतील? मापाचं त्यांच्याशीच बोलून घेतो.’’ माणूस वाईट नव्हता. त्यांना सवयच तशी होती. आणि मला काय सवय होती? मी म्हटलं, ‘‘संध्याकाळी या.’’ संध्याकाळी ते आले, हेही आले. दोघं जिन्यापाशी उभे राहिले आणि मी चहा टाकायला आत गेले.

कप घेऊन बाहेर आले तोवर ठरलं होतं. जिन्याखाली पूर्ण बंद कपाट करायचं, त्यात खाली इन्व्हर्टर आणि बॅटरी, शेजारी सिलेंडर, वर चपलांसाठी कप्पे. ‘‘आणि तुझंही काय ते ठेव वरच्या खणात,’’ हे म्हणाले. अगदी प्रेमानंच म्हणाले.

माझा चेहरा पडला. पण त्या दिवशी मला वाचवलं ते माझ्या रागानं नाही, तर आठवीच्या विज्ञानानं. मी म्हटलं, ‘‘बॅटरी चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो, आणि सिलेंडर गळला तर तो गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचून राहतो. दोन्ही एका बंद कपाटात? आणि तिथेच इन्व्हर्टरची वायर?’’ मिस्त्री नि हे, दोघंही गप्प झाले. सिलेंडर उघड्या, हवेशीर जागीच उभा हवा आणि पाण्याच्या बॅटरीला मोकळी हवा हवीच, हे त्यांना पटलं. दोन्ही गोष्टी मागच्या पडवीत गेल्या, त्याही एकमेकींपासून लांब. जिन्याखालची जागा मोकळी झाली.

मैत्रिणींनो, हे मुद्दाम सांगतेय. तुमच्याही घरी जिन्याखाली बंद कपाटात सिलेंडर असेल तर आजच बाहेर काढा. बाकीचं वाचणं नंतर करा.

बेतणं आपल्याला येतं

जागा मिळाली, पण करायचं काय आणि कसं, हे मला कुठे ठाऊक होतं? ‘मला यातलं काही कळत नाही’ हे वाक्य तोंडावर आलंच होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, पाऊण मीटरात ब्लाऊज बेततेस, आणि हे जमत नाही म्हणतेस? शिवणाच्या क्लासात पहिल्यांदा काय शिकवतात?’’

‘‘पेपर कटिंग.’’

‘‘मग काढ रद्दी.’’

सासूबाईंनी तरुणपणी गावातल्या निम्म्या बायकांचे कपडे शिवलेत. त्या स्टुलावर बसल्या, मी जमिनीवर, आणि जिन्याखालचं आम्ही चक्क पेपर कटिंग केलं. वर्तमानपत्रं चिकटवून जिन्याच्या तिरक्या बाजूचा पूर्ण आकार कापून घेतला. मग किराणा दुकानातून रिकामी खोकी आणली, ती रचून टेबल केलं आणि आठ दिवस मी खरोखर त्या खोक्यांच्या टेबलावर बसून शिकवलं. त्या आठ दिवसांत जे कळलं, ते कुठल्याही चित्रात दिसलं नसतं. ते सगळं तुमच्या कामाला येईल म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट उतार. आमच्या जिन्याची पायरी सात इंच उंच आणि दहा इंच रुंद आहे. म्हणजे जिन्याखाली दहा इंच आत सरकलं, की डोक्यावरची सात इंच उंची कमी होते. लँडिंगखाली अठ्ठावन्न इंच उंची होती, तिथून वीस इंचांवर चव्वेचाळीस, चाळीस इंचांवर तीस, साठ इंचांवर फक्त सोळा. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा जागेचे तीन भाग आपोआप दिसले. जिथे बसता येईल तो भाग, जिथे फक्त सामान राहील तो भाग आणि जिथे हातही पोचणार नाही तो भाग.

दुसरी गोष्ट डोकं. खोक्यांच्या टेबलावर पहिल्याच दिवशी उठताना डोकं आपटलं. मग टेबल पुढे सरकवलं, अगदी जिन्याच्या कडेच्या रेषेत. खुर्ची बाहेर, टेबल आत. हात जिन्याखाली, डोकं बाहेर. नंतर एकदाही टेंगूळ आलं नाही.

तिसरी गोष्ट उंची. बाजारात बहुतेक टेबलं तीस इंच उंच आणि खुर्च्या अठरा इंच उंच असतात. मी चार फूट अकरा इंच. अठरा इंचांच्या खुर्चीवर माझे पाय लोंबकळतात आणि तीस इंचांच्या टेबलावर लिहिताना खांदे वर चढतात. इतकी वर्षं मान नि खांदे दुखतात म्हणून मी बाम चोळत होते. माप चुकलंय हे डोक्यातच आलं नाही. खोक्यांखाली पुठ्ठे घालून काढून शेवटी माझं माप सापडलं. खुर्ची साडेपंधरा इंच, टेबल सत्तावीस इंच. पाय पूर्ण जमिनीवर टेकले, कोपर सहज टेबलावर आलं.

हाच नियम ओट्याला. ओट्यापाशी सरळ उभ्या राहा, हात कोपरात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या आणि त्यातून तीन-चार इंच वजा करा. ते तुमच्या ओट्याचं माप. पोळ्या लाटताना वरून जोर द्यायचा असतो, म्हणून तिथे आणखी थोडं खाली चालेल. घरात सासू ठेंगणी आणि सून उंच असेल तर? जी जास्त वेळ तिथे उभी राहते, तिचं माप. पण निदान माप कुणाचं हा प्रश्न विचारला तरी जाऊ दे.

चौथी गोष्ट भिंती. आपल्याला वाटतं कोपरा म्हणजे काटकोन. नसतो. मिस्त्रींच्या भाषेत भिंत ओळंब्यात नसते आणि कोपरा गुण्यात नसतो. तपासायला सोपं आहे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करा, दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं तर कोपरा काटकोनात. आमचं जवळजवळ एक इंच जास्त आलं! म्हणून रुंदीचं माप नेहमी खाली, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी घ्यायचं आणि सगळ्यात कमी असेल ते धरायचं. फरशीची स्कर्टिंग अर्धा इंच पुढे येते तीही मोजायची, नाहीतर कपाट भिंतीला टेकत नाही. आणि हो, शिवणाची कापडी टेप वापरू नका. वापरून वापरून ती ताणली जाते. हे मला मिस्त्रींनी सांगितलं. त्यांची स्टीलची टेप नि माझी टेप शेजारी धरली तर पाच फुटांत पाव इंचाचा फरक निघाला.

पाचवी गोष्ट उजेड. जिन्याखाली दिवसाही अंधार. आधी वायरमन, मग सुतार, हा क्रम विसरू नका. कपाट बसल्यावर बटण आणि प्लग आठवला तर प्लायला भोकं पाडत बसावं लागतं.

मिस्त्री आणि मी

पेपर कटिंग, मापांची वही आणि खोक्यांचं टेबल, एवढी तयारी करून मी मिस्त्रींना पुन्हा बोलावलं. या वेळी सकाळी, हे कामावर गेल्यावर. त्यांनी कागद जिन्याखाली लावून बघितला, वही वाचली, आणि म्हणाले, ‘‘वहिनी, हे कुणी काढलं?’’ ‘‘मी आणि सासूबाईंनी.’’ त्यावर ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी ‘साहेब कधी येतील’ असं एकदाही विचारलं नाही.

उलट माझ्या डोक्यात न आलेल्या गोष्टी त्यांनीच सांगितल्या. मला उताराखालच्या भागात साधे कप्पे हवे होते. ते म्हणाले, ‘‘जिना तीन फूट रुंद आहे. तीन फूट खोल कप्प्यात मागचं सामान काढायला तुम्हाला आत रांगत जावं लागेल. चाकांवरचे ओढायचे कप्पे करू.’’ मग उंचीच्या उतरत्या क्रमानं तीन ओढकप्पे झाले. मोठ्यात गव्हाची कोठी, मधल्यात गोधड्या, लहानात गौरी-गणपतीचं सामान. शेवटचा टीचभर कोपरा त्यांनी सरळ बंद केला. ‘‘प्रत्येक इंच वापरायचा हट्ट धरू नका, तिथे झुरळंच राहतील,’’ म्हणाले. हेही शहाणपणच.

लाकडाचं त्यांनी मला शिकवलं ते असं. प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची येते. कपाटाच्या अंगाला अठरा-एकोणीस मिलीमीटर जाडीचा प्लाय लागतो, मागच्या बाजूला सहा मिलीमीटर पुरतो. शीटवर भारतीय मानकाचा आकडा छापलेला असतो. ३०३ म्हणजे कोरड्या जागेचा नेहमीचा प्लाय, ७१० म्हणजे पाण्यात टिकणारा, ज्याला दुकानात मरीन म्हणतात. ओट्याखाली, न्हाणीजवळ, ओल येणाऱ्या भिंतीपाशी ७१०चाच हट्ट धरा. नुसतं ‘वॉटरप्रूफ आहे हो’ या शब्दावर जाऊ नका, आकडा डोळ्यांनी बघा आणि बिलावर लिहून घ्या. कपाट भिंतीपासून बोटभर सुटं आणि जमिनीपासून तीन-चार इंच वर ठेवलं तर ओल चढत नाही, वाळवी लागलीच तर लवकर दिसते. आमच्या जिन्यामागची भिंत पावसाळ्यात ओलावते, म्हणून तिथे हवेसाठी जाळी ठेवली.

खर्च मजुरीसकट बत्तीस हजार आला. माझा भिशीचा नंबर लागला होता, उरलेले पगारातून घातले. महाग वाटेल, पण त्याआधीचे साडेसात हजार फुकट गेले होते ते न विचारता घेतल्यामुळे, हेही लक्षात ठेवा.

पूर्वी असं नव्हतं का?

कुणी म्हणेल, मापाचं फर्निचर म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. मला नाही तसं वाटत. आपल्या जुन्या घरांतून कपाट विकत आणायची पद्धतच कुठे होती? दोन-दोन फूट जाड भिंतीतच कोनाडा असायचा, देवळी असायची, दार लावलेलं फडताळ असायचं. दिव्याचा कोनाडा हात पोचेल तिथे, लोणच्याची बरणी ठेवायचं फडताळ थंड भिंतीत. आता नऊ इंची नि चार इंची भिंती आल्या, भिंतीतली ही जागा गेली आणि फर्निचर भिंतीबाहेर आलं. गावचा सुतार बारा बलुतेदारांतला. नांगर-कुळव त्याचेच, आणि बायकांचा पोळपाट, रवी, पाट, पाळणा हेही तोच करायचा. रवी लहान झाली की बाई सरळ त्याला सांगायची, ‘बोटभर लांब कर.’ मोठमोठी कपाटं आली, त्यांना हजारो-लाखो रुपये लागू लागले, आणि सांगायचं काम मात्र बाईकडून निघून गेलं. लाकूड तेच, सुतार तोच. पैसा मोठा झाला की बोलणारं तोंड बदलतं.

२०२१ पासून आपल्या राज्यात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. चांगलंच आहे. त्यामुळे कितीतरी घरांच्या कागदांवर बायकांची नावं लागली. पण कागदावर मालकीण असलेल्या बाईला त्या घरात बसून दोन ओळी लिहायला, हिशेब करायला, शिवायला, नुसतं डोळे मिटून टेकायला जागा आहे का, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं.

लेकीचा प्रश्न

टेबल झालं. वर शेल्फ, त्यात माझी पुस्तकं, एक कुलपाचा खण, एक दिवा. पहिल्या दिवशी तिथे बसून मी हजेरीचं पत्रक लिहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. लेक मागे उभी होती. कॉलेजात शिकत होती तेव्हा. म्हणाली, ‘‘आई, छान झालंय. पण एक विचारू? एवढ्या मोठ्या घरात तुला जागा मिळाली ती जिन्याखालीच ना? जी कुणालाच नको होती ती?’’

मला चटकन उत्तर सुचलं नाही. तिचं खरंच होतं. आणि मी आनंदानं ती उरलेली जागा घेतली, वर बत्तीस हजारही घातले.

नंतर कधीतरी मी एका परदेशी बाईविषयी वाचलं. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की तिचं नाव. ऑस्ट्रियात वास्तुकला शिकलेल्या अगदी पहिल्या बायकांपैकी एक. १९२६ साली तिनं जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. सव्वासहा फूट रुंद, अकरा फूट लांब, बस्स. पण त्यात बाईची किती पावलं वाचतील याचा बारीक हिशेब. बसून भाजी चिरायला खिडकीपाशी ओटा आणि फिरतं स्टूल, भिंतीला मिटणारी इस्त्रीची फळी, डाळ-तांदळाला नावं लिहिलेले छोटे खण. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तेव्हा बसवली गेली. आजच्या आपल्या मॉड्युलर किचनचा उगम तिथलाच म्हणतात. पण पुढच्या पिढीतल्या बायकांनी त्यावर टीकाही केली. एवढ्या नेमक्या मापात बसवलेल्या खोलीत एकच बाई मावते. म्हणजे दुसरं कुणी मदतीला येणारच नाही, आणि ती आत एकटी. सोय करता करता तिला कोंडलंच की!

हे वाचलं आणि लेकीच्या प्रश्नाचं उत्तर थोडंसं सापडलं. जागा मापाची असणं पुरेसं नाही. ती कुठे आहे, तिथून काय दिसतं, तिथे बसल्यावर आपण घरात असतो की घराबाहेर टाकलेल्या असतो, हेही बघायला हवं. माझं टेबल हॉलच्या तोंडावर आहे, आतल्या अंधाऱ्या खोलीत नाही. मी तिथे बसले की सगळ्यांना दिसते, आणि मी काम करतेय हेही दिसतं. पूर्वी मी पलंगावर पेपर तपासायची तेव्हा कुणीही येऊन ‘जरा उठ’ म्हणायचं. आता म्हणत नाहीत. खुर्ची-टेबलावर बसलेल्या बाईला उठवायला लोक जरा कचरतात, हा माझा अनुभव आहे. वाईट वाटतं, पण आहे असं.

लेकीला मी म्हटलं, ‘‘तुझं बरोबर आहे. मी उरलेली जागा घेतली. तू घर बांधशील तेव्हा नकाशावरच तुझ्या टेबलाचा चौकोन काढून घे. मग जिन्याखाली खुशाल चपला ठेव.’’

आणि तुम्हाला, ज्यांचं घर बांधून झालंय, कर्ज डोक्यावर आहे, नवीन खोली काढायची सोय नाही, त्यांना मी वेगळं सांगेन. अडनिड्या जागेला नाक मुरडू नका. बाकी सगळ्या खोल्यांवर कुणाची ना कुणाची मालकी आधीच ठरलेली असते. त्या कोपऱ्यावर अजून कुणाचं नाव नाही. तुमचं लावा. बत्तीस हजार नसतील तर भिंतीला बिजागरीनं मिटणारी एक फळी लावा, खिडकीखालच्या खाच्यात एक दीड फुटाचा ओटा करा. फळी दोन फुटांची असली तरी चालेल, पण तिची उंची तुमच्या कोपराच्या मापाची असू दे आणि ते माप तुम्ही स्वतः सांगा. मिस्त्री आले की चहा दुसऱ्या कुणाला तरी टाकायला सांगा. आमच्याकडे परवा नळाचं काम निघालं तेव्हा चहा ह्यांनी केला. बरा झाला होता.

एक उपाय मात्र करू नका, पाटावर उभं राहण्याचा. पाटावर उभं राहिलं की काम भागतं, म्हणूनच तो धोकादायक. पाय घसरण्याची भीती तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पाट घेतला की ओटा चुकलाय हे कुणाला कळतच नाही. आपण बायका आयुष्यभर असे पाट घेत राहतो. चूक घराची असते आणि जुळवून आपण घेतो.

ता. क. – हा लेख लिहीत असतानाच त्या मैत्रिणीचा फोन आला. ग्रॅनाईटचा ओटा आता खाली घेता येत नाही. पण ओट्याशेजारच्या रिकाम्या कोपऱ्यात पोळ्यांसाठी ती वेगळं, चाकांचं टेबल करून घेतेय. चाकांना कुलूप आहे, लाटताना हलणार नाही. मी विचारलं, ‘‘उंची किती?’’ ती म्हणाली, ‘‘एकतीस इंच. आणि माप मी दिलंय.’’ पाट परत जेवायला बसण्याच्या कामी आलाय.